सील, पाणमांजर आणि गोड्या पाण्याचा ओहोळ

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉख सुनार्ट नावाची सुमारे ३१ किलोमीटर लांबीची चिंचोळी खाडी आहे. ‘लॉख’ हा शब्द तिकडे सरोवरालाही वापरतात आणि जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या अशा फाट्यालाही. हिमयुगात हिमनदीने ही दरी खोल कोरली. पुढे बर्फ वितळले, समुद्राची पातळी वाढली आणि दरीत खारे पाणी शिरले.

इथे प्राणी पाहायला निघताना भरती-ओहोटीचे कोष्टक जवळ हवे. ओहोटीला खडक उघडे पडले, की सील त्यांवर येऊन पहुडतात. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून काल सकाळी नऊला दिसलेले सील आज त्याच वेळी दिसतीलच असे नाही.

याच थंड पाण्यात पाणमांजरही मासे आणि खेकडे पकडते. सीलच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. पाणमांजराला तो नसतो. मग त्याला थंडी का वाजत नाही? त्याच्या दाट केसांत हवा अडकून राहते आणि हवा उष्णतेची मंदवाहक आहे. मात्र समुद्राच्या पाण्यातले मीठ केसांत साचले, की ते एकमेकांना चिकटतात, हवा निसटते आणि पाणी कातडीपर्यंत पोचते. हान्स क्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून हे दिसून आले. म्हणूनच समुद्रात शिकार करणाऱ्या पाणमांजराला अंग धुवायला गोडे पाणी लागते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एकीला कोरडा लोकरी मोजा घाला, दुसरीला ओला. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. कोणती बाटली आधी निवते? का?

आता निरीक्षकाने बसावे कुठे? ओहोळ समुद्राला मिळतो तिथे पाणमांजर दिसण्याची शक्यता अधिक. पण आपण ओहोळाच्या तोंडाशीच ठाण मांडले, तर ते अंग न धुताच परत फिरेल. सीलच्या फार जवळ गेलो, तर ते पाण्यात उड्या घेतात. दूध पिणारे पिल्लू असेल तर त्याचे पिणे तुटते. म्हणून दूर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, दुर्बीण घेऊन शांत बसावे.

कोकणातल्या खाड्यांतही पाणमांजरे आहेत. तिथे मुलांना नेण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारा : ओहोटी किती वाजता? आणि आपण कोणाच्या वाटेत तर बसत नाही ना?