दुकानातून पिल्लू घेताय? आधी भिंतीवरचा कागद बघा

जयगड : पोरं हट्टाला पेटली की कुत्र्याचं पिल्लू आणायला रत्नागिरी गाठली जाते. पैसे मोजण्याआधी दुकानात राज्य प्राणी कल्याण मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र लावलंय का, ते बघावं. 2018 च्या नियमांनुसार ते सक्तीचं आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू पटकन आजारी पडतं. देशी पोपट तर घेऊच नये, 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

जात निवडतानाही हवा बघावी. दाट केसांचं कुत्रं खाडीकाठच्या दमट उकाड्यात नुसतं धापा टाकतं. जेटीवरचं गावठी पिल्लू इथल्याच हवेतलं. त्याला रेबीजची लस तेवढी तीन महिन्यांचं झालं की द्यायची.