लेखनातील दोष दाखवताना

वर्षावासाचे तीन महिने संपले की आश्विन पौर्णिमेला भिक्खुसंघात पवारणा होते. माझा दोष कोणी पाहिला, ऐकला अथवा त्याची शंका आली असेल तर करुणेने सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. आरंभ ज्येष्ठ भिक्खूने करायचा असतो. संयुत्त निकायातील पवारणा सुत्तात तर खुद्द तथागतच भिक्खूंना आपल्या आचरणातील व वाणीतील दोषांविषयी विचारतात. विद्यार्थ्यांचे लेखन तपासताना आम्हाला हा क्रम मोलाचा वाटतो. कारण शाळेत तो नेमका उलटा असतो.

दोष सांगणाऱ्याचे बोलणे वेळेवर, खरे, मृदू, हितकारक व मैत्रीचित्ताने असावे, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. यांतील ‘खरे’ हीच अट नंदुरबार जिल्ह्यात सर्वांत अवघड. घरी अहिराणी बोलणारे मूल ‘मला’ऐवजी ‘माले’ लिहिते आणि आपण शेरा मारतो, ‘अशुद्ध’. हे विधान खरे नाही. ‘ही अहिराणी आहे, प्रमाण मराठीत मला लिहितात’, हे खरे. भिलोरी, पावरी, मावची बोलणाऱ्या मुलांचेही तेच. बुद्धवचन छंदस भाषेत बांधण्याची सूचना तथागतांनी नाकारली व ते आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली, हे चुल्लवग्गात नमूद आहे. मग भाषेचे सोवळे आपण कशाला पाळावे?

मृदू म्हणजे गुळमुळीत मात्र नव्हे. मोहफुलांवरील निबंधाचा पहिला परिच्छेद गाइडातून उतरवलेला असेल, तर खाली ‘छान’ लिहिणे ही मैत्री नव्हे. सांगावे ते असे: ‘हा परिच्छेद तुझा नाही, काढून टाक. पहाटे आईबरोबर फुले वेचायला गेलीस, हे मात्र एकाच वाक्यात उरकलेस. अंधार होता का? टोपली भरायला किती वेळ लागला?’ पुढचा मजकूर तिच्याजवळ असतोच.

चारचौघांत वही उंचावून चुका वाचल्या, की मूल पुढे केवळ निर्दोष वाक्ये लिहिते, म्हणजे पुन्हा गाइडातलीच. आमच्यापैकी काहींच्या वह्या लहानपणी अशा उंचावल्या गेल्या आहेत.

हा लेख आम्ही प्रथम नववीच्या वर्गात वाचून दाखवला व दोष विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, ‘सर, मैत्रीचित्त म्हणजे काय ते तुम्ही सांगितलंच नाही.’ तिचे म्हणणे खरे होते, म्हणून येथे घालतो: वही उघडताना तपासणाऱ्याच्या मनात राग वा तुच्छता नसावी, असल्यास ती वही दुसऱ्या दिवशी तपासावी.