पंचगंगेकाठचं पोलंड

एकोणिसाव्या शतकात पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच. १७७२ ते १७९५ या काळात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो तीनदा वाटून घेतला होता. देश परक्यांचा, आणि भावाभावांत वाटत वाटत शेतीही पोटापुरती उरलेली नाही, अशी शेतकऱ्यांची दोन्हीकडून कोंडी झाली. १८५४ साली सायलेशियातली काही पोलिश कुटुंबं ब्रेमेनहून शिडाच्या जहाजाने निघाली आणि टेक्सासमध्ये त्यांनी पन्ना मारिया हे गाव वसवलं. पुढे आगबोटी आल्या, दीड महिन्याची वाट पंधरवड्यावर आली आणि मग लाखो पोलिश माणसं अमेरिकेला गेली.

अमेरिकेकडे जाणारी अशीच एक पोलिश वाट मुंबई बंदरातून गेली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४३ साली 'हर्मिटेज' ही अमेरिकी बोट सुमारे ७०० पोलिश निर्वासितांना घेऊन मुंबईहून सुटली आणि जूनअखेर कॅलिफोर्नियाच्या सॅन पेद्रो बंदराला लागली. तिथून त्यांना पहाऱ्यात, आगगाडीने मेक्सिकोतल्या सांता रोसा छावणीत धाडण्यात आलं. अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवूनही राहायची मुभा नाही! ही गोष्ट मला आजही बोचते.

हे लोक मुंबईला आले कुठून? १९३९च्या सप्टेंबरात पोलंडवर एका बाजूने हिटलर तुटून पडला, दुसऱ्या बाजूने स्टालिन. फेब्रुवारी १९४०पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. १९४१मध्ये पोलंडचं परागंदा सरकार आणि स्टालिन यांच्यात करार झाला, त्यानंतर त्यांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांच्या पोलिश फौजेबरोबर बायकामुलंही निघाली आणि १९४२मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. तिथून हिंदुस्थान. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना आसरा दिला. कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठी वळिवड्याला १९४३मध्ये मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार माणसं होती, त्यांत बहुतेक बाया आणि मुलं. कर्ते पुरुष लढाईवर होते, नाहीतर वाटेतच गेले होते.

आम्ही चुलबंद नदीच्या काठची माणसं. धान निघालं की बिऱ्हाड उचलून मजुरीला जाणारी घरं पाहतच मोठे झालो. म्हणून वळिवड्याचं वाचताना माझं लक्ष त्या आयांकडेच जात राहतं. कौलारू छपराच्या लांबच लांब बराकी, चटयांच्या भिंती, पुढे ओसरी आणि एकेका कुटुंबाच्या वाट्याला आलेली थोडकी जागा. एवढ्यावर त्यांनी संसार मांडला. ओसरीपुढे फुलझाडं लावली. चर्च, शाळा, स्काऊट पथकं, नाटकं, सगळं पोलिश भाषेत सुरू केलं. एकीकडे पोरं बाजारहाटात मराठी शब्द उचलत होती. परत जायला देश उरेल की नाही याचा पत्ता नसताना मुलाला रोज आपल्या भाषेत धडा गिरवायला बसवणं, याला मी पराक्रमच म्हणेन. इतिहासात मात्र त्याची नोंद करारांच्या तारखांखाली दबून जाते.

युद्ध संपलं, पण त्यांची पूर्वेकडची गावं सोव्हिएत संघातच राहिली. मग बोटी पुन्हा भरल्या. फौजेतल्या पुरुषांची कुटुंबं इंग्लंडला गेली. कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांत गेले, कुणी पुढे दूरदेशी स्थायिक झाले. काही थोडे पोलंडला परतले. सांता रोसातली कित्येक अनाथ मुलं अखेर अमेरिकेतल्या कॅथलिक अनाथालयांत पोहोचली. १९४८पर्यंत वळिवडे रिकामं झालं. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, आणि वॉर्सातही वळिवड्याच्या छावणीची आठवण कोरलेली आहे.

बराकी मात्र ओस पडल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथे वसली आणि त्या वसाहतीचं नाव गांधीनगर झालं. आज कापडाच्या खरेदीसाठी तिथे गेलं तर दुकानाच्या गल्ल्यावर सिंधी कानावर येते, गिऱ्हाइकाशी मराठी.