वनस्पतींचीं चित्रें व चित्रकारांचीं नांवें

फुलाचें चित्र दोन प्रकारें काढतां येतें. एक प्रकार रसिकाचा. त्यांत फुलाची शोभा व चित्रकाराच्या मनांतील भाव यांना महत्त्व असतें. एखादी पाकळी कमी पडली तरी कोणी मोजावयास जात नाहीं. दुसरा प्रकार शास्त्राचा. त्यांत पाकळ्या मोजूनच काढाव्या लागतात, पानाची लांबी कंपासानें घेऊन कागदावर उतरावी लागते, आणि केसर, शिरा, बीज यांपैकीं एकहि अवयव अंदाजानें काढून चालत नाहीं. इतकें असूनहि चित्र निर्जीव दिसतां कामा नये. शास्त्र व कला या दोघींच्या कसोटीस उतरणारी ही विद्या आहे.

वनस्पति दाबून व वाळवून ठेवण्याची सोय असतांना, आणि छायाचित्र क्षणांत निघत असतांना, हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचें उत्तर मालवण तालुक्यांतील तोंडवलीच्या किनाऱ्यासारख्या ठिकाणीं चांगलें मिळतें. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस गड नदीची खाडी, व मध्यें वाळूची चिंचोळी पट्टी, अशी त्या भागाची रचना आहे. असल्या किनाऱ्यावर वाळूच्या उंचवट्यांवर मर्यादवेल पसरते. तिचें पान टोंकाशीं दुभंगलेलें, शेळीच्या खुरासारखें असतें, आणि शास्त्रांतील तिचें लॅटिन नांवहि याच साम्यावरून पडलें आहे. फूल नरसाळ्याच्या आकाराचें व जांभळट असून सकाळीं उमलतें आणि लवकरच मलूल होतें. तें दाबून वाळविलें कीं रंग जातो व नरसाळ्याचा आकार चपटा होतो. चित्रकार मात्र उमललेल्या फुलाचा रंग आधीं कागदावर धरतो, पान व देठ सावकाश काढतो, आणि पेराशीं फुटलेलीं मुळें खालीं दाखवितो. हीं मुळेंच वाळूस धरून ठेवतात. म्हणून तीं वगळलीं तर वेलीचें खरें कार्यच चित्रांतून वगळलें जातें.

केवड्याच्या बाबतींत अडचण आणखी वेगळी आहे. केवड्याचीं नर व मादी झाडें निरनिराळीं असतात. बाजारांत येणारें सुवासिक कणीस हें नर झाडाचें. अननसासारखें दिसणारें फळ मादी झाडास येतें. एका झाडाचें छायाचित्र घेतलें तर अर्धीच हकीकत कळते. कांदळाचें बीज झाडावर असतांनाच रुजतें, आणि लांब शेंगेसारखा कोंब खालीं लोंबूं लागतो. फुलापासून या कोंबापर्यंतच्या अवस्था एकाच वेळीं एकाच फांदीवर सांपडतील असें नाहीं. चित्रकार निरनिराळ्या ऋतूंत त्याच झाडाकडे जातो आणि एका कागदावर त्याचें सर्व चरित्र मांडतो. शेजारीं फूल उभें चिरून, भिंगाखालीं पाहून, मोठें करून काढलेलें असतें. तें कितीपट मोठें केलें याची नोंदहि असते. मुख्य आकृति शक्य तोंवर मूळ मापाचीच असते. प्रकाश बहुधा डाव्या बाजूनें वरून पडला आहे असें मानून छाया देतात, म्हणजे निरनिराळ्या हातांचीं चित्रेंहि एकमेकांशीं ताडून पाहतां येतात.

या विद्येशीं कोंकणी माणसांचा संबंध जुना आहे. कोचीन येथील डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यानें सिद्ध करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत अॅम्स्टरडॅम येथें बारा भागांत निघाला. त्याच्या कामीं रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोंकणी वैद्यांचें साहाय्य झालें, आणि त्यांची नागरी लिपींतील साक्ष पहिल्या भागांत छापलेली आहे. पुढें स्वीडनच्या लिनीअसनें वनस्पतींस नांवें देतांना या चित्रांचा आधार घेतला. मूळचा वाळलेला नमुना नसेल तेथें चित्र हेंच त्या नांवाचें प्रमाण ठरतें, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे.

महाराष्ट्रांत असेंच एक काम पुण्याजवळ दापोडीस झालें. तेथील सरकारी बागेवर १८३८ सालीं अलेक्झांडर गिब्सन या स्कॉच डॉक्टराची नेमणूक झाली. १८४७ सालीं तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षकहि झाला. १८४७ ते १८५० या दरम्यान त्यानें एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराकडून बागेंतील देशी व परदेशी वनस्पतींचीं दीडशेंहून अधिक रंगीत चित्रें काढविलीं. तीं आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानांत आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनीं त्यांवर लिहिलेला ग्रंथ २००२ सालीं प्रसिद्ध झाला. गिब्सनचें नांव, बागेचें नांव, वनस्पतींचीं नांवें हें सर्व राहिलें. ज्या हातानें तीं चित्रें काढलीं त्याचें नांव मात्र राहिलें नाहीं.

त्याच सुमारास मद्रास इलाख्यांत रॉबर्ट वाइट याच्यासाठीं रंगय्या व गोविंदू हे दोन चित्रकार काम करीत होते. वाइटनें आपल्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख केला, इतकेंच नव्हे तर ऑर्किडच्या एका जातिसमूहास गोविंदूचें नांव दिलें. पुढें शास्त्रज्ञांनीं तो गट दुसऱ्यांत विलीन केला, तरी नोंद पुसली गेली नाहीं. दोन्ही ठिकाणीं मालक परका होता व कारागीर देशी होता. फरक पडला तो केवळ चार अक्षरें लिहून ठेवण्याच्या कर्तव्यबुद्धीमुळें.

किनाऱ्यावरील वनस्पतींनाहि हाच न्याय लागूं आहे. वाळूचा उंचवटा सपाट केला किंवा खाडीकांठचें तिवर तोडलें, तर तेथें काय होतें हें पुढील पिढीस सांगणारा साक्षीदार हवा. तारीख, गांव, जागा व माप लिहिलेलें एक साधें चित्रहि अशी साक्ष देऊं शकतें. त्यासाठीं साहित्य थोडें लागतें: कठीण शिशाची पेन्सिल, बारीक टोंकाचा कुंचला, पाण्याचे रंग, कंपास व भिंग. शाळेंतील मुलांनीं वर्षभर एकच झाड निवडून त्याचें पान, कळी, फूल व फळ ज्या त्या ऋतूंत काढलें, तरी त्या गांवाचा एक विश्वसनीय दाखला तयार होईल. घरांतील वडील माणसांस विचारून झाडाचें स्थानिक नांव त्याखालीं लिहावें, कारण अशीं नांवें झाडांच्याहि आधीं नाहींशीं होतात. आणि कोपऱ्यांत चित्र काढणाऱ्यानें आपलें स्वतःचें नांव स्पष्ट अक्षरांत लिहावें. दापोडीच्या चित्रांत तेवढीच एक गोष्ट उणी राहिली आहे.