जाहिरातींतील गोरा चेहरा

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पातूर हें तालुक्याचें गांव लागतें. बाजाराच्या दिवशीं आसपासच्या खेड्यांतून ज्या स्त्रिया येथें साडी घेण्यास येतात, त्यांच्यापैकीं अनेकींचे हात कपाशीच्या वेंचणीनें आणि वऱ्हाडच्या उन्हानें रापलेले असतात. कोणी गव्हाळ, कोणी सावळी, कोणी चांगली काळीभोर. परंतु दुकानाच्या दर्शनी फलकावर जी स्त्री साडी नेसून उभी असते, ती मात्र दुधासारखी गोरी. तिच्या वर्णाचें गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी दिवसभरांत क्वचितच चढत असेल. दुकानदाराचा यांत फारसा दोष नाहीं. चित्र मालाबरोबर बाहेरून येतें, आणि मोठमोठ्या शहरांतील फलकांवरही हाच चेहरा असतो.

युरोप-अमेरिकेंत हा प्रश्न वंशाचा म्हणून चर्चिला गेला. ब्रिटिश ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णी मॉडेल, डोनियाल लूना, १९६६ सालीं आली. त्याच मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीनें हा मान बेव्हर्ली जॉन्सन हिला १९७४ सालीं दिला. आपल्याकडे वंशाचें हें काम वर्ण करतो. पातुरापासून फार दूर नसलेल्या मेळघाटांतील कोरकू स्त्रीचा चेहरा वस्त्रांच्या जाहिरातींत शोधूं गेल्यास सांपडणें कठीण. आणि कोरकूंचेंच कशाला, घरोघरच्या सावळ्या लेकीसुनांचीही गत तीच आहे.

गोरेपणाची आवड आपल्याकडे पुरातन आहे, असें समर्थन पुष्कळदां ऐकूं येतें. तें अर्धेंच खरें. महाभारतांतील सर्वश्रेष्ठ सुंदरी द्रौपदी वर्णानें सावळी, आणि म्हणूनच तिचें एक नांव कृष्णा. पातुराजवळच्या टेकडींत प्राचीन लेणीं आहेत. तेथून त्याच हमरस्त्यानें पुढें गेलें कीं वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेच्या हरिषेण राजाच्या काळीं, पांचव्या शतकांत, अजिंठ्याच्या कांहीं उत्कृष्ट लेण्यांचें काम झालें. सोळाव्या क्रमांकाचें लेणें तर त्याचा मंत्री वराहदेव यानेंच करविलें. तेथील भिंतींवर गोऱ्या, गव्हाळ व श्यामल स्त्रिया एकाच प्रसादांत शेजारीं-शेजारीं वावरतात. पहिल्या लेण्यांत पद्मपाणीच्या जवळच सावळ्या वर्णाची एक अलंकारमंडित स्त्री रेखाटलेली आहे, आणि तिला सजवितांना चित्रकारानें हात मुळींच आखडलेला नाहीं. त्या काळीं गोऱ्या रंगाचें कौतुक नव्हतें असें नव्हे. पण सौंदर्याला रंग एकच नव्हता.

तो एक कसा झाला? राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतीवर येऊन बसल्या. त्या उजळ कांतीच्या देवता पुढें दिनदर्शिकांवर व साबणाच्या वेष्टनांवर उतरल्या. नंतर नट्यांचा काळ आला. लक्स साबणाच्या जाहिरातींत हिंदी चित्रपटांतील नटी प्रथम झळकली ती १९४१ सालीं, आणि ती लीला चिटणीस ही मराठी नटी होती. १९७५ सालीं तर ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम निघालें, आणि गोरेपणा हा थेट विकत मिळणारा जिन्नस बनला.

याच्या जोडीला एक कारण आहे, तें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. रंगीत छायाचित्राची फीत तयार करणाऱ्या कोडॅक कंपनीकडून प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठीं एक नमुन्याचें चित्र जात असे. त्यावर गोरी स्त्री असे, आणि तिच्या नांवावरून त्या पत्रकास ‘शर्ली’ म्हणत. तिची त्वचा ठीक उतरली, म्हणजे रंग ठीक जुळले! श्यामल चेहऱ्याच्या छटा त्या फितींत बुजून जात. डोळे आणि दांत तेवढे चमकत. कृष्णवर्णी कुटुंबांच्या गाऱ्हाण्यापेक्षां चॉकलेट व लांकडी सामान विकणाऱ्यांची तक्रार कंपनीला अधिक लवकर ऐकूं गेली, असें तेथील माणसांनींच पुढें सांगितलें आहे. १९८० नंतरच्या दशकांत फीत सुधारली. आतां फीतच मागें पडली आहे. तरी पांढऱ्या शुभ्र साडीच्या मापानें प्रकाश धरला तर सावळा चेहरा आजही अंधारांत जातो. थोडा उजेड चेहऱ्याकडे वळविला कीं काम भागतें. म्हणजे अडचण यंत्राची उरलेली नाहीं, संवयीची आहे.

या संवयीचा एक चमत्कारिक नमुना पाहण्यासारखा आहे. उज्ज्वला राऊत ही सावळ्या वर्णाची मराठी मुलगी १९९६ सालीं ‘फेमिना’च्या स्पर्धेंत विजयी झाली आणि पुढें पॅरिस व न्यूयॉर्क येथील नामांकित वस्त्रकारांसाठीं चालली. परदेशच्या पेठेला भारतीय म्हणून सावळा चेहरा हवा होता. ‘व्होग’ची भारतीय आवृत्ति २००७ सालीं निघाली, तेव्हां तिच्या पहिल्या मुखपृष्ठावर मध्यभागीं उभी होती ती मात्र जेमा वॉर्ड ही गोरी ऑस्ट्रेलियन मॉडेल.

वर्णावरून कमीपणा दाखवूं नये, असा नियम जाहिरातदारांच्या मंडळानें २०१४ सालीं केला. २०२० सालीं ‘फेअर’ हा शब्द जाऊन ‘ग्लो’ आला. शब्द बदलले, पण चित्रानें लावलेली ओढ शब्दाबरोबर जात नाहीं, आणि ती ओढ जाहिरात न करणाऱ्या मालाच्याही उपयोगीं पडते. अकोल्यांतच याचा दाखला घडला. एका घरांतील तिघी स्त्रियांनीं स्थानिक सौंदर्यव्यवसायांतून मिळालेलें उजळपणाचें मलम वापरलें, आणि तिघींचींही मूत्रपिंडें सुजलीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील तपासणींत त्या मलमांत पारा निघाला. २०२३ च्या आरंभीं ही वार्ता प्रसिद्ध झाली. त्वचेचा काळसर रंगद्रव घडविणाऱ्या क्रियेस पारा अडवितो, म्हणून रंग उजळल्यासारखा दिसतो. पण तोच पारा त्वचेंतून रक्तांत उतरून मूत्रपिंडांतील गाळणीवर घाव घालतो, लघवींतून प्रथिनें जाऊं लागतात व अंगावर सूज येते. डोळ्यांभोंवतींचीं प्रसाधनें सोडल्यास इतरांत नकळत शिरलेला पारा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असूं नये, असा २०२० सालचा नियम आहे. ज्या डबीवर कर्त्याचें नांव नाहीं, घटक नाहींत, परवान्याचा क्रमांक नाहीं, तिला हा नियम कोण लावणार?

आणि साडीची गोष्ट निराळीच. अंगावर रंग कसा खुलेल हें दाखविणें, एवढ्यासाठींच तर फलकावर स्त्री उभी करावयाची. गोऱ्या अंगावरची फिकी गुलाबी छटा सावळ्या अंगावर कशी दिसेल, आणि गडद हिरवा किंवा हळदीसारखा पिवळा रंग तिला किती शोभेल, हें त्या फलकावरून कळत नाहीं. पातूरच्या बाजारांतील स्त्रीला हें पुरतें ठाऊक असतें. दुकानदारानें घडी उलगडली कीं ती फलकाकडे पाहात बसत नाहीं. पदर उचलून दाराशीं उजेडांत जाते, आपल्या मनगटावर धरते, आणि मग भाव विचारते.