बर्फावर पाय रोवताना

डिसेंबर-जानेवारीत मुलांकडे कॅनडा-अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगेत काय काय असतं! भाजणी, गोडा मसाला, गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा, थर्मल, कानटोप्या, हातमोजे. पायांत मात्र सकाळच्या फेरीचे नेहमीचे स्पोर्ट्स शूज. माझी मावशीही दोन वर्षांपूर्वी अशीच पुण्याहून टोरोंटोजवळच्या मिसिसागाला गेली. चौथ्याच दिवशी गाडीतून उतरून दारापर्यंतची जेमतेम पंधरा पावलं चालताना पडली आणि उजवं मनगट मोडलं. ‘‘अगं, बर्फ नव्हताच तिथे. रस्ता नुसता ओला दिसत होता,’’ असं ती फोनवर पुन्हापुन्हा सांगत होती.

ओला दिसणारा तो रस्ता म्हणजेच ‘ब्लॅक आइस’. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं, त्याचा काचेसारखा पातळ थर बसतो आणि खालचं डांबर आरपार दिसत राहतं. पांढरंशुभ्र, भुसभुशीत हिम दिसतं, म्हणून माणूस तिथे जपून चालतो. इथे तो गाफील असतो.

बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरडे यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडली होती. तापमान शून्याच्या जवळ आलं की हा थर वाढतो, घसरण वाढते. त्यामुळे उणे २० अंशांची थंडी अंगाला बोचत असली, तरी पाय घसरायला ‘आज जरा बरं ऊन पडलंय’ असा दिवस जास्त वाईट. नेमके अशाच दिवशी पाहुणे फिरायला बाहेर पडतात.

मग जाड, महागडे स्नो बूट घेतले की झालं, असं वाटतं. टोरोंटोच्या पुनर्वसन संस्थेत यासाठी एक खास प्रयोगशाळा आहे. जमिनीवर खरा बर्फ, ती जमीन तिरकी करता येते, आणि वरून दोरीने सुरक्षित बांधलेली माणसं त्यावर चालतात. किती उतारापर्यंत पाय टिकतो, ते मोजतात. २०१६ मध्ये त्यांनी ९८ प्रकारच्या हिवाळी बुटांचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा सुमारे ९० टक्के बूट किमान कसोटीलाही उतरले नव्हते. ही किमान कसोटी म्हणजे अवघा ७ अंशांचा उतार. बूट उबदार आहे म्हणजे तो पकड घेतो, असं नाही.

म्हणून बुटावरून चढवायच्या क्लीट्स. तळव्याखाली तारा, साखळ्या किंवा खिळे आणि भोवती ताणलं जाणारं रबर, अशी ही साधी वस्तू. तिचा उपयोग होतो का? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पूर्वी पडण्याचा अनुभव असलेल्या, ६५ वर्षांवरच्या १०९ जणांवर एका हिवाळ्यात अभ्यास झाला. निम्म्यांना तारांच्या गुंडाळ्यांची ‘याकट्रॅक्स’ ही क्लीट दिली, बाकीच्यांनी आपले नेहमीचे बूट वापरले. क्लीटवाल्यांचं बाहेर पडण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी निघालं. अभ्यास लहान आहे, हे खरं. पण इतक्या स्वस्त वस्तूकडून मिळालेला हा फायदा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मावशीचं प्लास्टर निघाल्यावर मावसभावाने तातडीने क्लीट्स आणल्या. दुकानातल्या सगळ्यात दणकट. साखळ्यांना जोडलेले जवळजवळ सेंटिमीटरभर लांबीचे पोलादी काटे, डोंगरातल्या गोठलेल्या पायवाटेसाठी उत्तम. केदारकंठाच्या हिवाळी ट्रेकला गेलेल्यांना हा प्रकार ठाऊक असेल. सांकरीत तो ‘मायक्रोस्पाइक’ म्हणून भाड्याने मिळतो. चढ-उतारावर, कडक बर्फावर त्याला तोड नाही. पण मावशीला जायचं होतं कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत. तिथला निम्मा फुटपाथ मीठ टाकून साफ केलेला. उघड्या काँक्रीटवर हे काटे माणसाला खडावा घातल्यासारखं उंच धरतात, पाय मुरगळायची भीती. शिवाय ते जाड रबर ताणायला दोन्ही हातांत जोर लागतो आणि तिचं मनगट नुकतंच जुळत होतं. पंधरा दिवस त्या क्लीट्स कपाटात पडून राहिल्या आणि मावशी घरात.

निवडताना पहिला प्रश्न, सगळ्यात घट्ट पकड कशाची, हा नाही. मी कशावर चालणार आहे आणि हे मला स्वतःला घालता-काढता येईल का, हा आहे. तारांच्या गुंडाळ्यांचा प्रकार हलका असतो, दाबल्या गेलेल्या हिमाच्या सपाट रस्त्यावर छान चालतो. मात्र काचेसारख्या कडक बर्फात तार रुतत नाही, आणि कोरड्या रस्त्यावर घासून ती झिजते, तुटते. गावातल्या फुटपाथसाठी आखूड खिळ्यांच्या क्लीट्स मला जास्त पटतात. खिळ्याचं टोक टंगस्टन कार्बाइडचं असलं तर ते लवकर बोथट होत नाही. चवड्यापुरत्या अर्ध्या क्लीट्सही मिळतात. त्या घेऊ नयेत. आपण चालताना आधी टाच टेकतो आणि पाय सरकतो तो बहुतेकदा त्याच क्षणी. टाचेपुरत्या क्लीट्स त्या मानाने बऱ्या, घालायला सोप्याही, पण चढावर चवडा मोकळाच राहतो. टाच आणि चवडा दोन्हींखाली पकड हवी.

मापही पायाचं नाही, बुटाचं बघायचं. हिवाळी बूट जाड असतात, त्यामुळे नेहमीच्या मापावर अंदाज बांधला की क्लीट तोकडी पडते. सैल क्लीट चालताना फिरते आणि खिळे तळव्याऐवजी कडेला येतात. फार घट्ट असली तर मऊ बूट दाबला जाऊन बोटं बधिर होतात. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांना ते कळतही नाही, त्यांनी घरातल्या कोणाला तरी बघायला सांगावं. थंडीत रबर ताठर होतं, म्हणून क्लीट बाहेर गाडीत न ठेवता घरात ठेवावी आणि खुर्चीवर बसून चढवावी.

आता ज्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही ते. बर्फावर घट्ट धरणारं हेच पोलाद गुळगुळीत फरशीवर साबणासारखं सरकतं. मॉलची टाइल, दवाखान्याचा ग्रॅनाइट, दुकानाच्या दारातला ओला लादीचा पट्टा, इथे क्लीट घालून पाऊल टाकणं म्हणजे नवं संकट. सरकता जिना नको, गाडी चालवताना तर नाहीच नाही. म्हणजे प्रत्येक दारात थांबून ती काढायला हवी. वाकताना चक्कर येणाऱ्यांनी, गुडघे दुखणाऱ्यांनी हे गणित खरेदीआधीच मांडावं. ज्यांना अजिबात जमणार नाही, त्यांच्यासाठी तळव्यातच घडी होऊन लपणारे खिळे असलेले बूट मिळतात. महाग आहेत, पण मोडलेल्या खुब्यापेक्षा स्वस्त. काठी वापरणाऱ्यांनी काठीच्या टोकालाही बर्फाचा काटा बसवून घ्यावा, घरात शिरताना तो वर दुमडता येतो.

क्लीट घातली म्हणून फुशारकीने चालू नये. छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर, पेंग्विन चालतो तसं. हात खिशात नकोत. आणि एवढं करूनही पडलात, डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जाऊन तपासून घ्या. विमा आहे की नाही, याचा विचार करत घरी बसू नका. त्यासाठीच प्रवासी विम्याचे कागद इथून निघण्यापूर्वी वाचलेले बरे.

मावशीच्या त्या दणकट क्लीट्स मावसभाऊ आता स्वतः डोंगरात वापरतो. तिला आखूड खिळ्यांच्या, मागे ओढायला रबरी कान असलेल्या आणून दिल्या. पुण्यात आधी दोन-चार वेळा बसून घालायचा सराव करायला हवा होता, असं ती म्हणते. दाराच्या आत त्यांनी एक स्टूल आणि खाली जुनं पायपुसणं ठेवलंय. परत आल्यावर ती आधी त्यावर टेकते, क्लीट्स काढून पाणी झटकते, गंज धरू नये म्हणून हीटरजवळ वाळत टाकते आणि मग आत जाऊन चहा ठेवते. या जानेवारीत ती रोज बसथांब्यापर्यंत जाऊन आली, उणे बाराची थंडी असली तरीही. ज्या दिवशी ऊन पडलं आणि छपरावरून पाणी ठिबकू लागलं, त्या दिवशी मात्र गेली नाही.