तागाचा तंतू, प्लास्टिक आणि मधला सांधा

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ साली वनस्पतींपासून वेगळा करून दाखवलेला सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो घटकांची सरळ साखळी असून, अशा साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना जखडल्या गेल्या की त्यांचे स्फटिकमय सूक्ष्मतंतू बनतात. लांबीच्या दिशेने या स्फटिकांचा ताठरपणा सुमारे १३० ते १४० गिगापास्कल, म्हणजे काचतंतूच्या जवळजवळ दुप्पट भरतो आणि घनता मात्र दर घनसेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास, काचेहून बरीच कमी असते. मोटारींच्या दारांच्या आतील आवरणांत ताग किंवा जवसाचे तंतू मिसळलेले प्लास्टिक वापरले जाते, ते मुख्यतः या हलकेपणामुळे.

प्रत्यक्ष तंतूत हा सगळा ताठरपणा उतरत नाही, कारण त्यात लिग्निनसारखे इतर घटकही असतात आणि सूक्ष्मतंतू अक्षाभोवती तिरके गुंडाळलेले असतात. तागात हा कल जेमतेम आठ अंशांचा असल्याने तो ताठ असतो व दोनेक टक्के ताणातच तुटतो. नारळाच्या काथ्यात तो तीस अंशांहून अधिक असल्याने काथ्या आधी भरपूर लांबतो आणि मगच तुटतो. म्हणून काथ्या कमकुवत ठरवणे अन्यायाचे आहे. धक्का सोसण्याचे काम त्याला अधिक साधते.

खरी अडचण मात्र सांध्याची आहे. सेल्युलोजच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांना पाण्याची ओढ असते, तर पॉलिप्रॉपिलिनसारखे प्लास्टिक पाण्याला दूर सारते. त्यामुळे दोहोंची पकड सैल राहते, भार प्लास्टिककडून तंतूकडे पोहोचत नाही, आणि दमट हवेत फुगलेला तंतू तो सांधा आणखी उकलतो. यावर उपाय म्हणून तंतू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धुऊन खरबरीत केले जातात, किंवा मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले थोडे पॉलिप्रॉपिलिन मिसळले जाते, ज्याचे एक अंग सेल्युलोजशी बंध जोडते आणि दुसरे प्लास्टिकमध्ये गुंतते. उष्णतेचीही मर्यादा आहेच: सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तंतू करपू लागत असल्याने १६५ अंशांच्या आसपास वितळणारे पॉलिप्रॉपिलिन चालते, पण २६० अंशांना वितळणारे नायलॉन ६६ सहसा चालत नाही.

अशा संमिश्राला सरसकट पर्यावरणस्नेही म्हणणे घाईचे आहे, कारण ताग कुजला तरी पॉलिप्रॉपिलिन कुजत नाही. त्याऐवजी मक्याच्या स्टार्चपासून मिळणारे पॉलिलॅक्टिक आम्ल वापरता येते. मात्र ते ठिसूळ असते आणि वेगाने विघटित होण्यासाठी त्याला औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातील साठेक अंश तापमान लागते.